खोकं मोडलं तरी साठा शाबूत

मे २०१५ मध्ये गूगल फोटोज ही सेवा सुरू झाली ती फुकट आणि अमर्याद जागेचं आश्वासन घेऊन. फोटो सोळा मेगापिक्सेलच्या आत बसवून थोडे आकसून ठेवायला हरकत नसेल, तर हवे तितके चढवा, पैसा पडणार नाही. सहा वर्षांनी, १ जून २०२१ पासून, ही सोय बंद झाली. मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून १५ जीबी फुकट, त्यापुढे दाम मोजा. कंपनीने हे कित्येक महिने आधी जाहीर केलं होतं आणि तोवर चढवलेले आकसलेले फोटो हिशेबात धरले नव्हते. नियमाने पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पण मधल्या सहा वर्षांत घरातल्या अल्बमांत भर पडणं थांबलं होतं, फोटो छापून घेण्याची सवय सुटली होती आणि लेकरांच्या बारशापासूनच्या छायाचित्रांची एकुलती एक प्रत दुसऱ्याच्या जागेत जाऊन बसली होती. ज्याची जागा त्याच्या अटी, आणि अटी बदलण्याचा हक्कही त्याचाच. तेव्हा घरच्या फायली घरातच, पण एखाद्या लॅपटॉपच्या भरवशावर न सोडता कशा ठेवायच्या, हा प्रश्न आता केवळ संगणकाची आवड असणाऱ्यांचा राहिलेला नाही.

बाजारात यावर तयार उपाय मिळतो. त्याला नॅस म्हणतात. राउटरला तारेने जोडलेला, दिवसरात्र चालू राहणारा एक छोटा संगणक, त्याच्या पोटात दोन-चार हार्ड डिस्क, आणि घरातला कुठलाही फोन, लॅपटॉप किंवा टीव्ही त्यावरच्या फायली वाचू-लिहू शकतो. खोक्यातून काढा, डिस्क सरकवा, चार प्रश्नांची उत्तरं द्या, झालं. ज्याला यापलीकडे डोकं घालायचं नाही त्याने हेच घ्यावं, यात वावगं काही नाही. मात्र या खोक्याचं आयुष्य त्यातल्या लोखंडावर ठरत नाही, ते ठरतं कंपनी त्याच्या सॉफ्टवेअरकडे किती दिवस लक्ष देते यावर. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या यंत्रांवरचा साठा बाहेरून कुणीतरी इंटरनेटमार्गे पुसून टाकला. जगभरातल्या घरांत ही यंत्रं व्यवस्थित चालू होती, डिस्क धडधाकट होत्या, पण त्यांना शेवटचं अपडेट मिळालं होतं २०१५ मध्ये. दुसरं उदाहरण अलीकडचं. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने २०२५ मधल्या प्लस मालिकेच्या नव्या यंत्रांत आपल्या शिक्क्याच्या किंवा आपण प्रमाणित केलेल्या डिस्कच पूर्णपणे चालतील असं ठरवलं. ग्राहकांकडून बरीच ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात ही अट सैल झाली. अट सैल झाली हे चांगलंच, पण ती घालता येते आणि काढताही येते, हे सगळ्यांना दिसलं.

म्हणून सुटे भाग आणून घरचा साठा-सर्व्हर स्वतः जोडावा, असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण मात्र सहसा जे सांगितलं जातं ते नाही. तो स्वस्त पडतो म्हणून किंवा वेगवान असतो म्हणून तो करू नये. दोन्ही दावे अर्धेच खरे आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येतोच. तो करावा तो अशासाठी, की त्यातला प्रत्येक भाग आपापल्या वेळी मरू शकतो आणि त्याची जागा बाजारात मिळणारा दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा भाग घेऊ शकतो. मदरबोर्ड जळला तर मदरबोर्ड बदला, एसएमपीएस गेला तर एसएमपीएस, आणि सगळंच खोकं मोडीत निघालं तरी डिस्क उचलून दुसऱ्या संगणकाला लावल्या की साठा जसाच्या तसा समोर. यंत्र जोडताना ही एकच कसोटी हाताशी ठेवली, तर कुठे पैसे घालायचे आणि कुठे हात आखडायचा याचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

या विचाराचं मूळ जुनं आहे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध सादर केला. त्या काळी भरवशाचा साठा म्हणजे आयबीएम ३३८० सारखी अवाढव्य आणि महागडी डिस्क, असं समीकरण होतं. या तिघांनी तिच्याशेजारी वैयक्तिक संगणकात बसणारी कॉनर कंपनीची १०० एमबीची छोटी डिस्क मांडली आणि विचारलं, अशा स्वस्त डिस्कांची फौज करून मोठीचं काम का होऊ नये? अडचण उघड होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. उपाय असा की काही जागा जादा माहितीसाठी राखायची, म्हणजे एक गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातलं सगळं पुन्हा मांडता यावं. ‘रेड’ या नावाने आज ओळखली जाते ती हीच पद्धत. भरवसा एकेका वस्तूच्या दर्जातून येत नाही, वस्तूंच्या रचनेतून येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. घरचा सर्व्हर याच तत्त्वावर उभा राहतो.

आता भागांकडे वळू, आणि आधी ज्यांवर उगाच पैसे जातात त्यांच्याकडे. घरातलं नेहमीचं तारेचं नेटवर्क गिगाबिटचं असतं. सेकंदाला हजार मेगाबिट म्हणजे आठाने भागून १२५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती येतात ते एकशे दहा-पंधरा. आजची साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते. म्हणजे एकटी डिस्कसुद्धा नेटवर्कच्या पुढे धावते. अशा ठिकाणी महागडा प्रोसेसर किंवा साठ्यासाठी एसएसडी घेऊन काय मिळणार? इंटेलचा २०२३ मध्ये आलेला एन-१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर सहा वॉटच्या वर्गातला आहे, मदरबोर्डवरच डकवलेला येतो आणि फायली देणं-घेणं, फोटोंचं वर्गीकरण, एखादा सिनेमा टीव्हीवर दाखवणं एवढं सगळं सहज पेलतो. कार्यालयातून बदलून टाकलेला पाच-सहा वर्षांचा टॉवर स्वस्तात मिळाला तर तोही चालेल, फक्त आत दोन डिस्क मावतात का आणि त्यांना लावायला साटा पोर्ट आहेत का ते पाहावं. रॅम आठ जीबी पुरते, सोळा असली तर निवांत. स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅमवरून जाणकारांत मोठे वाद आहेत. टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या २००९ मधल्या अभ्यासात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत किमान एक चूक आढळली होती, म्हणजे भीती अगदीच पोकळ नाही. ती मिळत असेल आणि मदरबोर्ड ती चालवत असेल तर जरूर घ्यावी. पण ती नाही म्हणून सगळा बेत रहित करणं मला पटत नाही, कारण ज्या लॅपटॉपवरून फोटो सर्व्हरवर येतात त्यातही ती नसतेच.

ज्या भागाकडे दुर्लक्ष होतं तो म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस. असेंबल केलेल्या संगणकात कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्तातला एसएमपीएस बसवून टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. डिस्कची थाळी थांबलेल्या स्थितीतून फिरू लागते तेव्हा ती बारा व्होल्टच्या तारेवरून सुमारे दोन अँपिअर ओढते, म्हणजे एकेका डिस्कला चोवीसेक वॉट. चार डिस्क एकदम सुरू झाल्या तर क्षणभर शंभराच्या आसपास, आणि मग प्रत्येकी पाच ते आठ वॉटवर त्या स्थिरावतात. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा तीनशे ते साडेचारशे वॉटचा एसएमपीएस हवा. त्याहून मोठ्याची गरज नाही. इथे एक धोक्याची सूचना देणं भाग आहे. काढता-घालता येणाऱ्या तारांचे एसएमपीएस असतात, त्यांच्या तारा एकमेकांत बदलू नयेत. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. खोबणीत तार नीट बसते, आणि बटण दाबताच पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन सगळ्या डिस्क एकत्र जळतात. एक गेली तर दुसरी आहे, या सगळ्या रचनेवर पाणी फिरवणारा हा अपघात एका चुकीच्या तारेने होतो.

डिस्कवर मात्र वेळही घालवावा आणि पैसाही. पहिलं पाहायचं ते लिहिण्याची पद्धत. काही डिस्कांत चुंबकीय पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात, त्यांना सीएमआर म्हणतात. एसएमआर प्रकारात जागा वाचवण्यासाठी ते कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, तसंच एका ठिकाणी काही नव्याने लिहायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सावकाश कामाला हे चालतं, पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून तिच्यावर सलग तासन्‌तास साठा उतरवायची वेळ आली की ती धापा टाकू लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. त्यानंतर कंपनीने सीएमआरसाठी रेड प्लस हे वेगळं नाव काढलं. तेव्हा मॉडेलचा पूर्ण क्रमांक पाहून, कंपनीच्या माहितीपत्रकात पद्धत तपासूनच खरेदी करावी. दुसरी काळजी डिस्क खरंच नवी आहे ना याची. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं समोर आलं. त्यांच्यावरचा वापराच्या तासांचा नेहमीचा आकडा पुसून शून्य केला होता, पण डिस्कच्या आत खोल ठेवलेल्या दुसऱ्या नोंदीने खरं सांगितलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या, दिल्लीत नेहरू प्लेसला घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्यावं आणि डिस्कवरचा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी किती उरली आहे ते दुकानातच पाहावं. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. शक्य तर जोडीतली एक डिस्क एकीची आणि दुसरी दुसरीची घ्यावी, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत येणार नाही.

एवढं करूनही डिस्क मरणारच, हे धरून चालावं. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचे आकडे नियमाने जाहीर करते आणि त्यांत वर्षाला शंभरामागे साधारण दीड डिस्क बंद पडलेल्या दिसतात. हे प्रमाण लहान वाटेल, पण आधी इशारा मिळेल या आशेवर राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के डिस्कनी, बिघाडाची म्हणून मानली जाणारी चार मुख्य लक्षणं आधी दाखवलीच नव्हती. त्याच अभ्यासात उष्णतेचा परिणाम समजला जातो त्यापेक्षा बराच कमी निघाला, फक्त फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्क सोडून. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात यंत्र बंद कपाटात कोंडू नये आणि डिस्कांसमोर एक मोठा, हळू फिरणारा पंखा असावा, इतकी दक्षता पुरे.

आता त्यांची मांडणी. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर एका डिस्कइतकी जागा जादा माहितीला देऊन बारा टेराबाइट वापरता येतात. तेच दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येकीवर एकच मजकूर दोनदा ठेवला, म्हणजे आरसा पद्धत वापरली, तर आठच उरतात. कागदावर पहिली मांडणी किफायतशीर, तरीही घरासाठी मी आरशाच्याच बाजूचा आहे. आरशातल्या प्रत्येक डिस्कवर तिच्या जोडीचा पूर्ण साठा असतो. एक मेली तर दुसरीवरून सरळ नक्कल होते, बाकीच्या सगळ्या डिस्कांना राबवून गणित सोडवावं लागत नाही. सुरुवात दोनच डिस्कांनी करता येते आणि जागा संपली की आणखी एक जोडी आणून लावता येते. अर्धी जागा ‘वाया’ जाते म्हणणाऱ्यांनी हेही धरावं, की बहुसंख्य कुटुंबांचा खरा साठा चार टेराबाइटमध्ये बसतो आणि तिथे दोन डिस्कांपलीकडे जाण्याचं कारणच पडत नाही. एक गोष्ट मात्र पूर्ण टाळावी, ती म्हणजे रेडचं काम करणारं वेगळं कार्ड. ते आपल्या खास पद्धतीने डिस्कवर लिहितं आणि पुढे तेच जळालं तर तसलंच दुसरं शोधत फिरावं लागतं. ज्या बांधिलकीतून सुटण्यासाठी हा खटाटोप, तीच मागच्या दाराने परत आत येते.

हे काम सॉफ्टवेअरवर सोपवावं, आणि त्यासाठी झेडएफएस ही फाइल-व्यवस्था मला सर्वांत योग्य वाटते. सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि २००५ मध्ये तिचा स्रोत खुला झाला. तिचं वैशिष्ट्य असं की ती लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण वेगळी जपून ठेवते आणि वाचताना दर वेळी ताडून पाहते. याची गरज काय, असं विचारणाऱ्यांसाठी २००८ मधला एक अभ्यास आहे. विस्कॉन्सिन आणि टोरांटो विद्यापीठांचे संशोधक आणि नेटअ‍ॅप कंपनी यांनी १५ लाख ३० हजार डिस्क ४१ महिने तपासल्या, तेव्हा लिहिलेलं एक आणि वाचलेलं दुसरं, असे चार लाखांहून अधिक प्रसंग सापडले. डिस्क बंद पडली नव्हती, तिने तक्रारही केली नव्हती, मजकूर तेवढा गुपचूप बदलला होता. साध्या आरशात दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कोणती हे कळायला मार्ग नसतो. झेडएफएसला खुणेवरून चांगली प्रत ओळखता येते आणि बिघडलेली ती दुरुस्त करते. महिन्यातून एकदा सगळा साठा असा वाचून तपासायला लावावा. शिवाय ती जुना मजकूर न पुसता नव्या जागी लिहिते, त्यामुळे कालची, परवाची, गेल्या महिन्याची स्थिती जवळपास फुकटात गोठवून ठेवता येते. चुकून एखादा फोल्डर उडवला किंवा लॅपटॉपमधल्या खंडणीखोर प्रोग्रामने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या गोठवलेल्या स्थितीवर परतता येतं.

आणि सुरुवातीच्या कसोटीला उतरणारा सर्वांत बळकट पुरावाही इथेच मिळतो. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाब्बे यांनी फ्रीनॅस नावाची मोफत प्रणाली काढली. ती फ्रीबीएसडीवर उभी होती. पुढे तिचं नाव ट्रूनॅस झालं आणि २०२२ पासून तिची लिनक्सवर बेतलेली आवृत्तीही वापरात आली. खालची अख्खी कार्यप्रणाली बदलली, तरी जुन्या डिस्क नव्या आवृत्तीने ओळखून सामावून घेतल्या. त्याही पलीकडे, ट्रूनॅस उद्या बंद पडली तरी साध्या लिनक्सवर झेडएफएस बसवून डिस्क लावल्या आणि ‘झेडपूल इम्पोर्ट’ ही आज्ञा दिली की साठा उघडतो. मदरबोर्ड कुठला होता, प्रोसेसर कुठला होता, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ज्याला झेडएफएस जड वाटते त्याने डेबियनवर बेतलेली ओपनमीडियाव्हॉल्ट घेऊन साधी मांडणी करावी. पडताळणीचा फायदा जाईल, खोक्यापासूनचं स्वातंत्र्य टिकेल.

पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो रास्तही आहे: एकाच घरातल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा आणि पंचगंगा वस्तीत शिरल्या. त्या पाण्याने आरशातली पहिली डिस्क आणि दुसरी असा भेद केला नसता. चोरी, आग, वीज कोसळणं यांचंही तेच. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम इथे पाळलाच पाहिजे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. आपल्याकडे बहीण नाशिकला, भाऊ पुण्याला, मुलगी परदेशी असं कुटुंब पांगलेलं असतं, त्याचा इथे उपयोग होतो. भावाच्या घरी एक छोटं यंत्र आणि एक डिस्क ठेवली की रात्री फक्त बदललेला भाग कूटबद्ध होऊन तिकडे जातो. त्यासाठी लागणारं आरसिंक हे साधन १९९६ पासून मोफत आहे. ते अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी लिहिलं, आणि घरातल्या विंडोज संगणकांना सर्व्हरवरचे फोल्डर दिसतात ते सांबा सॉफ्टवेअरही याच ट्रिजेल यांनी सुरू केलेलं. पहिली मोठी नक्कल मात्र दोन्ही यंत्रं एका घरात ठेवून करावी, नाहीतर ब्रॉडबँडवरून तिला आठवडे लागतील. सुट्या भागांचा बेत आखताना या बाहेरच्या डिस्कची किंमत पहिल्या दिवसापासून धरावी. ती धरून परवडत नसेल तर दोनाऐवजी एका डिस्कचा सर्व्हर करावा, पण बाहेरची प्रत सोडू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. यंत्र सरासरी तीस वॉट घेत असेल तर वर्षाला सुमारे २६३ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर दोन हजार सहाशे रुपये नुसत्या विजेचे. त्यात मदरबोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, डिस्क आणि दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्क. एक-दोन टेराबाइटसाठी क्लाउडचं वार्षिक भाडं यापेक्षा कमी पडतं, हे मान्य केलंच पाहिजे. साठा त्याच्या पुढे गेला, घरात चार-पाच जण ते वापरू लागले, व्हिडिओ वाढले की पारडं फिरतं. ज्यांचा सगळा ऐवज दोनशे जीबीत मावतो त्यांनी क्लाउड आणि कपाटात एक बाहेरची डिस्क, एवढ्यावर समाधान मानावं. त्यांच्यासाठी सर्व्हर हा नसता व्याप ठरेल. विजेचा दुसरा प्रश्न बिलाचा नसून तिच्या जाण्या-येण्याचा आहे. झेडएफएस अचानक वीज गेली तरी सहसा सावरते, पण परत येताना बसणाऱ्या झटक्याने एसएमपीएस आणि डिस्क सावरतीलच असं नाही. सहाशे व्हीएचा एक लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस, यूएसबी तारेने सर्व्हरला जोडलेला, ही चैन नव्हे. बॅटरी उतरत आली की तो इशारा देतो आणि सर्व्हर शिस्तीत बंद होतो. तत्पूर्वी इलेक्ट्रिशियनकडून प्लगचं अर्थिंग तपासून घ्यावं. जुन्या इमारतींत ते अनेकदा नावापुरतंच असतं.

सुरक्षेचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. मोठ्या क्लाउड कंपनीकडे पहारा ठेवणाऱ्या तज्ज्ञांची फळी असते, घरी ती कुठून येणार? जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅप या कंपनीच्या नॅस यंत्रांवर हल्ले केले, ते इंटरनेटवरून थेट पोचता येत असलेल्या यंत्रांवर. उत्तर त्यातच आहे: राउटरमध्ये छिद्र पाडून सर्व्हर बाहेर उघडा करू नये. भारतात अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे तसं छिद्र बहुधा पाडताही येत नाही. प्रवासात फोटो पाहायचे असतील तर वायरगार्ड वापरावं. ते २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि पत्ता वाटलेला असला तरी त्यावर बेतलेल्या टेलस्केलसारख्या सेवा मार्ग काढून देतात. फोनवरून घराकडे एक बंद वाट तयार होते, बाकी जगाला सर्व्हर दिसतच नाही. गूगलइतका पहारा आपण ठेवू शकत नाही हे खरं, पण गूगलला सगळ्या जगासाठी दार उघडं ठेवावं लागतं, आपल्याला पाच माणसांसाठी.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. घरात एकालाच हे सगळं कळतं, उद्या ते माणूस आजारी पडलं किंवा गेलं तर? क्लाउडचा पासवर्ड मागे राहिला तर कुणीही आत शिरू शकतं. ट्रूनॅसची पाटी पाहून घरचे गोंधळून जातील, आणि सुट्या भागांचं सगळं स्वातंत्र्य त्या घटकेला त्यांना अडसरच वाटेल. यावर तांत्रिक तोडगा अर्धाच आहे. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा म्हणा, फोटो आणि कागदपत्रं एका साध्या बाहेरच्या डिस्कवर, एक्सफॅट स्वरूपात, वर्षावार फोल्डर करून उतरवावीत. ती कुठल्याही विंडोज संगणकाला लावली की उघडते, तिला सर्व्हर लागत नाही, पासवर्डही लागत नाही. म्हणून ती बँकेच्या कागदांबरोबर कुलपात ठेवावी. तिच्यासोबत एक हाताने लिहिलेला कागद हवा: सर्व्हर कुठे आहे, आत किती डिस्क आहेत, कूटबद्ध साठ्याची किल्ली काय, दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे, आणि कुठल्याही जाणकाराला दाखवायची ती ‘झेडपूल इम्पोर्ट’ची ओळ. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो कागद द्यावा आणि आपण काहीही न सांगता त्यांना एक जुना फोटो परत काढून दाखवायला सांगावं. जिथे ते अडतील, तिथे कागदावर आणखी एक ओळ लिहावी लागेल.